नियमातली एक ओळ आणि रिकामी बाटली

मागच्या लेखात मी तुम्हाला शासनाचं राजपत्र कसं वाचायचं ते सांगितलं होतं. आज तेच राजपत्र वाचताना मी स्वतः कशी आपटले ते सांगते.

माझ्या प्रबंधाचा विषय तुम्हाला ठाऊक आहे. चाकण, मोशी, चिखली, भोसरी या पट्ट्यात कारखाने आले, त्यानंतर इथल्या बैलगाडा शर्यतींचं काय झालं, हा. त्यातल्या नियमांवरच्या प्रकरणाच्या पहिल्या खर्ड्यात मी एक वाक्य ऐटीत लिहिलं होतं: 'शर्यतीच्या बैलांना उत्तेजक द्रव्यं देण्याची प्रथा होती, म्हणूनच शासनाला २०१७ च्या नियमांत त्यावर बंदी घालावी लागली.' खर्डा परत आला तेव्हा 'म्हणूनच' या शब्दाभोवती लाल गोल होता आणि समासात मॅडमनी एकच शब्द लिहिला होता, 'कशावरून?'

आधी मला रागच आला. बंदी आहे म्हणजे गोष्ट घडत असणारच ना! जे कुणी करतच नाही त्यावर बंदी कोण घालेल? मग मी त्या ओळीचं मूळ शोधायला बसले आणि प्रकरण तीन महिने लांबलं.

ज्यांनी घाट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्याकडे घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे, शर्यतीची चढाची धावपट्टी. गाड्याला चार बैल. पुढच्या जोडीला कांडं म्हणतात, मागच्या जोडीला जुकाट. त्यांच्याही पुढे घोडीवर स्वार. एका गाड्याची एक धाव म्हणजे एक बारी. दोन गाडे शेजारी पळत नाहीत, प्रत्येक बारी घड्याळाशी. साधारण ११ ते १५ सेकंदांत सगळं संपतं आणि नंबर सेकंदाच्या अपूर्णांकावर ठरतो. सांगली-कोल्हापूरकडच्या शर्यती याहून वेगळ्या असतात, तेव्हा तिकडच्या वाचकांनी कृपया माझ्याशी भांडू नये.

आता कायद्याकडे वळू. ११ जुलै २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं, ज्या प्राण्यांना खेळासाठी शिकवता येत नाही त्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं ए. नागराजा खटल्यात जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यत दोन्हींवर बंदी आणली. २०१७ मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती करून नियम केले, पण उच्च न्यायालयानं शर्यतींना परवानगी देण्यावर स्थगिती दिली. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं कायदा वैध ठरवला. म्हणजे २०१७ चे नियम घाटावर खऱ्या अर्थानं उतरले ते २०२१ च्या शेवटी. हे आधी पक्कं करून घ्या. नियमाची तारीख आणि तो लागू झाल्याची तारीख एक धरल्यामुळे कितीतरी प्रबंध घसरलेत.

त्या नियमांत धावपट्टीची लांबी आहे, १००० मीटरपेक्षा जास्त नको. आयोजकानं भरायची ५०,००० रुपयांची अनामत आहे. काठी, चाबूक, विजेचा झटका यांना मनाई आहे. पशुवैद्यकानं बैल तपासून तंदुरुस्तीचा दाखला द्यायचा आहे. आणि ती ओळ आहे: बैलांना उत्तेजक द्रव्य, दारू वगैरे काही द्यायचं नाही. कायदा मोडला तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद.

ही ओळ कुठून आली? १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा उघडा. कलम ११(१)(क) म्हणतं की जनावराला जाणूनबुजून अपायकारक औषध किंवा पदार्थ देणं हा गुन्हा आहे. तिथे शर्यतीचा काही संबंध नाही, ते कोणत्याही जनावराला लागू आहे. नंतर २०१४ चा निकाल वाचा. त्यात तामिळनाडूच्या जल्लीकट्टूवरचे अहवाल उद्धृत केले आहेत. बैलांच्या तोंडात जबरदस्तीनं काहीतरी द्रव ओततात आणि ती बहुधा दारू असावी, असं त्यात आहे. 'बहुधा' हा शब्द नीट बघा. निरीक्षकानं बाटली पाहिली, बैलाचं तोंड उघडलेलं पाहिलं आणि अंदाज बांधला. रक्त किंवा लघवी तपासून केलेलं ते विधान नाही.

तेव्हा माझ्या 'म्हणूनच'ला आता तीन दावेदार झाले. शासनानं ती ओळ खेड-हवेलीत असं घडत होतं म्हणून लिहिली असेल. दुसऱ्या राज्यातल्या दुसऱ्या खेळावरचा आरोप कोर्टात गाजला होता, त्याला उत्तर म्हणूनही लिहिली असेल. किंवा जुन्या कायद्यातलं कलम नव्या नियमात उतरलं असेल, जसं एका टेंडरचं कलम दुसऱ्या टेंडरमध्ये उतरतं. तिन्ही शक्यतांना ती एकच ओळ पुरते. नियम वाचून सरकारला कशाची काळजी होती (किंवा कोर्टाची काळजी होती) ते कळतं. बैलाच्या पोटात काय होतं ते कळत नाही.

मॅडमनी दुसरा रस्ता सुचवला. म्हणाल्या, ज्या शर्यतीत ही तपासणी खरोखर होते तिचा इतिहास वाच, म्हणजे आपल्याकडे काय नाही ते दिसेल. बैलगाड्याची सगळ्यात जवळची नातलग म्हणजे घोडा गाडीला जुंपून पळवायची शर्यत. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये ती मोठी आहे. दुचाकी हलकी गाडी, तिच्यावर बसलेला चालक, आणि घोड्यानं चौखूर उधळायचं नाही, ठरलेल्या दुडक्या चालीनंच पळायचं. एक मैल साधारण २ मिनिटांत. आणि सगळ्याच घोड्यांच्या शर्यतींत औषधांच्या तपासणीला शंभरहून जास्त वर्षांचा इतिहास आहे.

त्या इतिहासाची सुरुवात मला फार आवडली. १९ व्या शतकाच्या शेवटी काही अमेरिकन प्रशिक्षक इंग्लंडात आले आणि भराभर जिंकू लागले. कोकेन वगैरे देऊन घोडे पळवतात, अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हा ते नियमाविरुद्ध नव्हतंच. जॉर्ज लॅम्बटन नावाच्या इंग्रज प्रशिक्षकाला हे पटत नव्हतं, पण जॉकी क्लबची मंडळी काही ऐकेनात. मग त्यानं आधी सांगून सवरून आपल्याच अवसानघातकी घोड्यांना ते औषध दिलं आणि ते जिंकू लागले! १९०३ मध्ये बंदी आली. ही हकीकत आपल्याला मुख्यतः लॅम्बटनच्याच आठवणींतून कळते, आणि त्या त्यानं वीसेक वर्षांनी लिहिल्या. स्वतःला शहाणा ठरवणारी आठवण आहे ती, म्हणून मीठ लावूनच खायची.

बंदी तर आली. पण ओळखायचं कसं? पुढची सात वर्षं नियम होता आणि चाचणी नव्हती. १९१० मध्ये व्हिएन्नात बुकोव्स्की नावाच्या रसायनज्ञानं घोड्याच्या लाळेतून अल्कलॉइड शोधून दाखवले, पण पद्धत सांगायला तो तयार नव्हता. ज्याची पद्धत गुप्त आहे त्या चाचणीवर कुणाला शिक्षा कशी देणार? मग तिथल्याच विद्यापीठातल्या प्राध्यापक फ्रेंकेल यांनी स्वतःची पद्धत बसवली आणि लाळेची तपासणी सुरू झाली. अमेरिकेत ती रुजली १९३० च्या दशकात. तेव्हा मंदी होती, राज्यांना महसूल हवा होता, म्हणून त्यांनी सट्ट्याला कायदेशीर मान्यता दिली. सट्टा लावणाऱ्याचा विश्वास टिकवायचा तर घोडा स्वच्छ आहे हे दाखवणं आलं, आणि प्रयोगशाळेचा खर्चही त्याच सट्ट्यातून निघाला. १९४७ पर्यंत घोड्यांच्या शर्यतींचे रसायनज्ञ एवढे झाले की त्यांनी आपली संघटना काढली. घोड्याच्या प्रेमापोटी हे सगळं उभं राहिलं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. गल्ल्याची काळजी आधी होती.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते पाहा, कारण आपल्याला पुढे ते लागणार आहे. धाव संपली की जिंकलेला घोडा आणि चिठ्ठीनं निवडलेले काही घोडे एका बंद खोलीत नेतात. मोतद्दार शीळ घालत उभा राहतो. शिळेवर लघवी करायची सवय घोड्यांना लावलेली असते. नाहीच केली तर रक्त घेतात. नमुन्याचे दोन भाग होतात, मालकाच्या माणसासमोर सील लागतं, बाटलीवर घोड्याचं नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. पहिल्या भागात काही सापडलं तर मालक दुसरा भाग वेगळीकडे तपासून घेऊ शकतो. यातली एक कडी तुटली तर बाकीचं सगळं वाया. कोर्टात पहिला प्रश्न रसायनशास्त्राचा नसतो. बाटली रात्री कुणाच्या फ्रिजमध्ये होती, हा असतो.

एवढं करूनही माणसं चुकली. १९६७ मध्ये इंग्लंडात हिल हाउस नावाचा घोडा मोठी अडथळ्यांची शर्यत जिंकला आणि त्याच्या नमुन्यात कॉर्टिसोल जास्त निघालं. प्रशिक्षक रायन प्राइस यांच्यावर बालंट आलं. कित्येक महिने तपास चालला. शेवटी निघालं काय, तर तो घोडा स्वतःच्याच शरीरात इतकं कॉर्टिसोल तयार करत होता. १९७९ मध्ये नो बॉम्ब्ज नावाच्या घोड्याचं बक्षीस गेलं ते मार्स चॉकलेट खाल्ल्यामुळे, कारण कोकोमधलं थिओब्रोमिन नमुन्यात आलं. 'नेहमीचं किती असतं' हे माहीत नसेल तर 'जास्त' या शब्दाला अर्थ नाही, हे तिथल्या लोकांना असं ठेचा खात कळलं.

गाडीला जुंपलेल्या घोड्यांच्या शर्यतीनं यात स्वतःची एक भर घातली. १९८० नंतर तिथे एक युक्ती पसरली. खायचा सोडा, साखर आणि पाणी यांचं मिश्रण नाकातून नळी घालून घोड्याच्या पोटात सोडायचं. दोन मिनिटं जीव तोडून पळताना स्नायूंत आम्ल साठतं आणि घोडा मंदावतो. सोड्यानं ते आम्ल काही काळ झेपतं. खायचा सोडा काही अफू-कोकेन नाही, तो नेहमीच्या तपासणीत दिसतही नाही. म्हणून धावण्याआधी ट्रॅकवरच रक्त घेऊन त्यातला एकूण कार्बन डायऑक्साइड मोजायची पद्धत आली. आंतरराष्ट्रीय नियमांत घोड्यासाठी मर्यादा आहे लिटरला ३६ मिलिमोल.

इथपर्यंत वाचून मला वाटलं, झालं! तीच चाचणी, तेच यंत्र, चाकणच्या घाटावर लावलं की संपलं. दुसरं प्रकरण तयार. सुदैवानं ते लिहायच्या आधी मी एका पशुवैद्यक डॉक्टरांना विचारलं. ते हसले.

घोडा रवंथ करत नाही, बैल करतो. मोठं गुरं दिवसाला १०० लिटरच्या घरात लाळ गिळतं आणि त्या लाळेतच सोडा असतो. दुभत्या गाईंच्या खाद्यात तर तो वरूनही घालतात, पोट आंबू नये म्हणून. घोड्यासाठी ठरवलेला आकडा बैलाला लावणं म्हणजे वडाची साल पिंपळाला. शिवाय बैलाला तोंडावाटे दिलेलं औषध आधी पोटाच्या त्या मोठ्या पिंपात पडतं, तिथले जंतू त्याच्यावर काम करतात, उरलेलं हळूहळू रक्तात जातं. घोड्यात दोन दिवसांत निघून जाणारं द्रव्य बैलात किती दिवस राहील, ते घोड्याच्या तक्त्यावरून सांगता येत नाही.

आणि मुळात सोडा देऊन घाटात फायदा काय? १५ सेकंदांच्या बारीत आम्ल साठून बैल थकायची वेळच येत नाही. म्हणजे गाडीच्या घोड्यांची ती गाजलेली चाचणी आपल्या घाटात जवळपास निरुपयोगी. इथे शोधायचं असेल तर दोन गोष्टी शोधायला हव्यात. बैलाला पेटवणारं काही, आणि दुखणं झाकणारं काही. माझ्या मते दुसरी जास्त महत्त्वाची, कारण लंगडा पाय बधिर करून पळवला तर तो बैल कायमचा जातो.

आता मामाकडे येते. आमचा मामा गाडामालक. आजोबा पिंपरीच्या एचए कंपनीत होते. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४ मध्ये स्थापन झालेली, देशातला सरकारी मालकीचा पेनिसिलिनचा कारखाना. सकाळी पाळी, संध्याकाळी गोठा, असं त्यांचं आयुष्य गेलं. नंतर जमिनीचे तुकडे कारखान्यांना गेले, पण बैल राहिले. इथल्या शर्यती टिकल्या त्या शेतीवर नव्हे, पगारावर आणि जमिनीच्या पैशावर, हे माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण आहे. २०२२ च्या मे महिन्यात चिखलीच्या शर्यतीत बक्षिसांमध्ये जेसीबी होता. नांगराचा बैल पळतो आणि जिंकतो काय, तर जमीन उकरायचं यंत्र!

मामाला मी सरळ विचारलं, "मामा, बैलांना शर्यतीआधी काय देता?"

"खुराक. दूध, अंडी, उडदाचं पीठ, सरकी पेंड. तुला काय नवीन सांगायचं?"

"तसं नाही. औषध वगैरे?"

मामानं हातातली वैरण खाली ठेवली. "आमी न्हाय देत. पल्याडच्या गावचे देत असतील."

हे 'पल्याडचं गाव' मला पुढे प्रत्येक मुलाखतीत भेटलं. मोशीत विचारलं तर ते चिखलीकडे होतं, चिखलीत विचारलं तर इंद्रायणीच्या पलीकडे, आणि पलीकडे गेले तर ते म्हणाले, शहराकडची माणसं काय वाटेल ते करतील. मला लॅम्बटनचे अमेरिकन आठवले. इंग्लंडातही घोड्याला औषध देणारा आधी परकाच होता. मौखिक इतिहास करणार असाल तर हे ध्यानात ठेवा. 'ते देतात' या वाक्यातून औषधाबद्दल फारसं कळत नाही, शेजारच्या गावाशी असलेल्या चुरशीबद्दल खूप कळतं. आणि 'आम्ही देत नाही' हे वाक्यही कबुली किंवा खोटेपणा म्हणून वाचू नका. ज्या गोष्टीला ३ वर्षांची कैद आहे तिच्याबद्दल रेकॉर्डर चालू असताना माणूस दुसरं काय बोलणार? मी त्यानंतर या एका प्रश्नाआधी रेकॉर्डर बंद करते, समोरच्याला तसं सांगते, आणि वहीत गावाचंही नाव लिहीत नाही. पुरावा थोडा कच्चा राहतो. राहू दे.

"मी तपासणीच्या इतिहासावर लिहितेय," मी मामाला म्हटलं. "घोड्यांची लघवी घेतात तशी."

"म्हंजे तू आता आमच्या बैलाचं मूत तपासणार व्हय?" मामी आतून हसली. मामा हसला नाही. जरा वेळानं म्हणाला, "घोड्याला शीळ लागत असंल. बैलाला पोटाखालनं चोळायचं, लगेच मुततो. तपासा की. पण समद्यांचं तपासा. आणि डाक्टरनं जखमेला दिलेलं इंजेक्शन त्यात निघालं तर? तवा कुणाला धरणार?"

मला उत्तर आलं नाही. घरी येऊन शोधलं तर मामानं घोड्यांच्या शर्यतीतल्या सगळ्यात किचकट प्रश्नावर बोट ठेवलं होतं. जनावराच्या जखमेला, तापाला दिलं जाणारं एक अगदी साधं इंजेक्शन म्हणजे प्रोकेन पेनिसिलिन. यातलं पेनिसिलिन जंतू मारतं. प्रोकेन जोडलेलं असतं ते पेनिसिलिन शरीरात हळूहळू सुटावं म्हणून. पण प्रोकेन हे भूल देणारं द्रव्य आहे. पायाच्या नसेजवळ टोचलं तर पाय बधिर होतो, आणि घोड्याच्या रक्तात जास्त गेलं तर घोडा बिथरतो. म्हणजे माझ्या दोन्ही शंका, पेटवणं आणि झाकणं, एकाच द्रव्यात. घोड्याच्या लघवीत ते कित्येक दिवस, कधी काही आठवडे सापडतं. आणि नुसती लघवी पाहून सांगता येत नाही की ते जखमेच्या औषधातून आलं की कुणी मुद्दाम टोचलं. त्यामुळे घोड्यांच्या जगात दर उपचाराची नोंदवही ठेवतात आणि हे इंजेक्शन दिल्यावर लवकर शर्यत लावत नाहीत.

ज्या गावात पेनिसिलिन बनलं त्या गावाच्या शिवारात त्याच औषधामुळे एखादा निर्दोष गाडामालक गुन्हेगार ठरू शकतो, आणि एखादा दोषी 'डॉक्टरनं दिलं होतं' म्हणून सुटू शकतो. दोन्ही गोष्टी तितक्याच शक्य आहेत. आणि दोन्हींत बैल काही बोलू शकत नाही.

मी गेले दोन हंगाम घाटावर उभी राहते आहे. जनावरांचे डॉक्टर बैलाचा ताप, डोळे, पाय, चाल पाहतात, दाखल्यावर सही करतात. लघवीची बाटली मला अजून एकदाही दिसलेली नाही. मी जिथे गेले तेवढ्याचंच सांगते. यावरून 'उत्तेजकं दिली जात नाहीत' असं मी लिहू शकत नाही, आणि 'दिली जातात' असंही नाही. प्रबंधात आता वाक्य असं आहे: 'नियमांत मनाई आहे, मी पाहिलेल्या शर्यतींत तपासणी डोळ्यांनी होत होती, नमुन्यानं नव्हे.' ऐट गेली. पण या वाक्यासाठी मी कुठल्याही तोंडी परीक्षेत उभी राहीन.

'गुराच्या शरीरातलं औषध आपल्याकडे तपासता येत नाही' असा समज मात्र करून घेऊ नका, मीही काही दिवस केला होता. गाईचं दूध रोज तपासतात. दुधात प्रतिजैविकांचा अंश किती चालेल याची मर्यादा अन्नसुरक्षेच्या नियमांत आहे. गिधाडं मरू लागली तेव्हा तर देशभरातल्या मेलेल्या गुरांच्या यकृताचे नमुने घेतले गेले. साधारण १० टक्के नमुन्यांत डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक सापडलं आणि जनावरांसाठी त्याच्यावर २००६ मध्ये बंदी आली. दुखणं झाकणारं औषध गुरांना किती सर्रास दिलं जात होतं, याचा भारतातला एक चांगला पुरावा असा गिधाडांच्या कृपेनं आपल्या हातात आहे. तो शर्यतीसाठी गोळा झालेला नाही, त्यात गाड्याचे बैल किती ते कळत नाही. पण प्रयोगशाळा आहेत, पद्धत आहे. दूध माणूस पितो म्हणून ते तपासलं गेलं. घोड्यावर पैसा लागतो म्हणून तो तपासला गेला. बैलाच्या लघवीशी कुणाचा गल्ला बांधलेला नाही. संशोधनाचा विषय शोधत असाल तर शर्यतीच्या खिल्लार बैलाच्या रक्त-लघवीचे नेहमीचे आकडे ठरवणं हा कुणीतरी घ्यावा असा विषय आहे. इतिहासवाल्यांना एकट्यानं जमणार नाही, पशुवैद्यक महाविद्यालयातल्या कुणाला तरी सोबत घ्या.

शेवटी एक सापडलेली गोष्ट सांगते. गेल्या महिन्यात पुन्हा मामाकडे गेले होते, या वेळी कबूल करायला की त्याचा प्रश्न बरोबर होता. मामा काही बोलला नाही. आत जाऊन जुन्या कालनिर्णयांचा गठ्ठा घेऊन आला. खिळ्याला टांगलेले, तेलकट हातांचे, एकावर एक साठवलेले. दुधाचा हिशेब तारखांच्या चौकोनांत असतोच, तो तुमच्याही घरी असेल. पण त्याच चौकोनांच्या कोपऱ्यात मामीच्या अक्षरात बारीक नोंदी होत्या. 'डा. आले. सोन्या डावा पाय. इंजे. २.' तीन दिवसांनी पुन्हा 'इंजे.' आणि त्याच महिन्यात, सतरा दिवसांनी, लाल पेनानं गोल केलेल्या यात्रेच्या तारखेला: 'सोन्या नेला नाही.'

मामीला विचारलं, का नेला नाही?

"पाय दुखत हुता ना त्याचा," ती म्हणाली, आणि गठ्ठा परत बांधायला लागली. मी तिला थांबवलं आणि सगळ्या पानांचे फोटो काढले, तिची परवानगी घेऊन. एकूण नऊ वर्षांचे आहेत. आता तारखा उतरवून घेते आहे.